अकोल्याचा भाविक संघ

बेबीताई इंगोले यांच्या 'खात्री चौकशी केंद्रा'त येणारा माणूस बहुधा मुलीचा बाप असे. मुलगा पितो का, आधीचं लग्न लपवलंय का, नोकरी कायम आहे की साहेबाच्या मेहरबानीवर, एवढ्या तीन प्रश्नांवर अमरावतीच्या राजापेठेतलं ते दुकान चाललं होतं. त्यामुळे २००९च्या एप्रिलात, एका सोमवारी सकाळी, कोट घातलेला कुलदीप जिना चढून आला आणि एका पोराची चौकशी करायची आहे म्हणाला, तेव्हा शालिकरामने सवयीने वही उघडून विचारलं, "मुलगी किती शिकली?"

शालिकराम हा बेबीताईंचा मदतनीस. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला. गाडी वेळेवर सुटली असं जाहीर करण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे जे दिसतं आणि जे असतं त्यात फरक असू शकतो, हे त्याला मनापासून मान्य नव्हतं. अशा माणसाला चौकशी केंद्रात का ठेवलं, असं लोक विचारत. बेबीताई म्हणत, तो पाहिलेलं सगळं सांगतो. अर्थ आपण लावायचा.

"मुलगी नाही," कुलदीप म्हणाला. "अमेरिका आहे."

कुलदीप हा अंजनगाव सुर्जीच्या किसनराव अडत्याचा मुलगा. त्या वर्षांत कापसाचे दिवस असे फिरले होते की पिकवणारा रडे आणि घेणाराही रडे. मधल्या दलालाला तर रडायलाही जागा उरली नव्हती. कुलदीपने जागा शोधली. इंटरनेट कॅफेत बसून त्याला कळलं, की अमेरिकेत खेळाडूंचेही दलाल असतात, त्यांना एजंट म्हणतात आणि ते कोट घालतात. त्याने कोट शिवून घेतला.

माल त्याला गावातच सापडला. बैलबाजारातले दलाल अब्दुल गफ्फार यांचा सरफराज अमरावतीच्या कॉलेजात शिकायला आला होता आणि तिथे बेसबॉल खेळत होता. तो पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याने फेकलेला चेंडू बॅटवाल्याला दिसेपर्यंत मागच्या कॅचरच्या हातमोज्यात जाऊन बसे. कुलदीपने पत्रापत्री करून एका अमेरिकी क्लबचे कार्लसाहेब अमरावतीत आणले. रविवारी कॉलेजच्या मैदानावर अकोल्याच्या संघाविरुद्ध परीक्षा ठेवली. सरफराज पसंत पडला तर करार, आणि करार झाला तर अमेरिका.

"मग?" बेबीताईंनी विचारलं.

कुलदीपने मान खाली घातली. कोट घालून मान खाली घालणं अवघड जातं, तरी घातली.

अकोल्याच्या पोरांनी सरफराजला धुतला होता. जोराचा चेंडू आला की ती आधीच तयार; वळणारा आला की वळणाच्या जागी बॅट; हळू आला की खुशाल थांबून मारत. गावातून दोन जीपा भरून आलेले लोक मध्येच उठून गेले. 

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणे, पोराचा हात सोन्याचा आहे. चेंडूत खोट नाही. पण समोरच्याला प्रत्येक चेंडू आधीच माहीत होता. कुठून तरी फुटतंय. असं फुटकं भांडं नेता येत नाही. उद्या सकाळी पुन्हा पाहतो म्हणाले, पण भोक कुठं होतं ते आधी दाखवा. दुपारी त्यांची गाडी आहे, मग विमान. पुन्हा ते हिंदुस्थानात येणार नाहीत."

त्याने टेबलावर काडेपेटी, पेपरवेट आणि शालिकरामचा चष्मा मांडून खेळ समजावला. हा पिचर. हा समोर बॅटर. बॅटरच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर. पुढचा चेंडू कोणता, हे कॅचर मांडीच्या मध्ये बोटं धरून पिचरला खुणेने सांगतो. बॅटरची पाठ त्याच्याकडे, म्हणून बॅटरला ती दिसत नाहीत.

"खूण कोणाला दिसते?"

"पिचरला. नाहीतर पिचरच्या मागे जो असेल त्याला."

"तुमी कुठं होते?"

"मंडपात, साहेबांच्या शेजारी. म्हणजे कॅचरच्या पाठीमागे. मला त्याची पाठच दिसत होती." मग त्याने आवाज उतरवला. "माझा संशय त्या कॅचरवरच आहे. शाकीब. सरफराजचा मावसभाऊ. एकच मोहल्ला, एकच खेळ, आणि साहेबाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानेच बॅटरच्या कानात सांगितलं असेल."

"पंच कोण होता?"

"साहेबांचाच माणूस. शाकीबच्या पाठीला नाक लावून उभा होता."

"हूं," बेबीताई म्हणाल्या. "शेवटपर्यंत असंच मारत राहिले का?"

कुलदीप जरासा उजळला. शेवटच्या डावात पोरगं सुधारलं होतं. एकालाही चेंडूला बॅट लावू दिली नाही. "तेव्हा मीच गफ्फारभाईला मंडपात आणलं होतं, साहेबांशी हात मिळवायला. बाप समोर आला, पोराला धीर आला. पण तोवर साहेबांनी वही मिटली होती."

जाता जाता बेबीताईंनी त्याचा आणि सरफराजचा करार कसा आहे, ते विचारलं. कुलदीप हसला. कागद अमेरिकेत होतील, आपल्याकडे जबान. बैलबाजारात दलाल जसे एकमेकांचा हात रुमालाखाली धरून, बोटं दाबून भाव ठरवतात, तसा त्याने गफ्फारभाईंशी सौदा केला होता. पोरगं अमेरिकेत जे मिळवेल त्यात आठ आणे बापाचे, आठ आणे कुलदीपचे.

"अर्धं अर्धं," तो म्हणाला. "भावाभावासारखं."

"आणि साहेबाने पोरगा नापसंत केला तर?"

"तर मी मोकळा. रुमालाखाली हात दिला की विकणाऱ्याला फिरता येत नाही, ताई. घेणाऱ्याला येतं. जनावरात खोड निघाली तर तो परत करतो. जुना रिवाज आहे."

तो गेल्यावर शालिकराम म्हणाला, "चांगला माणूस हाय. अर्धं देऊन राहिला."

बेबीताईंनी फक्त त्याचा चष्मा त्याला परत दिला.

*

शालिकराम रविवारी मैदानावर होता. त्याला बेसबॉलमध्ये रस नव्हता. पोहे फुकट होते. कॉलेजकडे जाताना रिक्षात बेबीताईंनी त्याला जे दिसलं ते सगळं सांगायला लावलं, आणि त्याने आधी पोह्यांपासून सुरुवात केली.

मंडपात गर्दी होती म्हणून तो पोह्यांची प्लेट घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. हा लिंब मैदानाच्या आतच होता. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड, म्हणून तो तोडायची कुणाची छाती झाली नव्हती. शेवटी मैदानाची हद्दच अलीकडे आणली गेली.

"तिथं अजून कोण होतं?"

"गफ्फारभाई होते. भला माणूस. मी प्लेट पुढं केली तर नाही म्हणाले. हैराण झालते बिचारे. रुमाल घडीत डोक्यावर, घडीत खांद्यावर, घडीत मांडीवर. मी म्हटलं, भाई, सावलीत बसून तुमाले एवढं ऊन लागून राहिलं? पोराची धुलाई पाहत होते. बापाचं काळीज."

"आणि अकोल्याची पोरं?"

शालिकरामचा चेहरा भक्तीने भरून आला. "त्यायचं मले फार कौतुक वाटलं. शिकलेली पोरं, पण काय श्रद्धा. खेळायच्या आधी प्रत्येक जण एकदा लिंबाकडे पाहे. दर चेंडूच्या आधी. देवाले नमस्कार केल्यासारखं. असे संस्कार आपल्या अमरावतीत राहिले नाहीत, ताई. म्हणून देवानं त्यायले दिलं."

बेबीताईंनी रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगितलं. त्यांना विचार करायचा होता, आणि शालिकरामच्या पोटात पोह्यांची आठवण हलत होती.

*

सहदेव सर मैदानावर चुन्याच्या रेषा मारून घेत होते. सरफराजला चेंडू धरायला त्यांनीच शिकवलं होतं. सौद्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. हे त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा आपल्याला त्याचं काही वाटत नाही असंही सांगितलं.

"कुलदीप काल आला आणि एजंट झाला. मी इथं खडे वेचून मैदान केलं. पण जाऊ द्या."

अकोल्याच्या पोरांना सरफराजच्या जुन्या खुणा माहीत होत्या, शिबिरात सगळे एकत्रच खेळलेले. म्हणून सरांनीच सरफराज आणि शाकीबला परीक्षेआधी खुणा बदलायला सांगितलं होतं. नव्या कोणत्या, ते त्यांनी विचारलं नाही. "मलाही सांगू नका म्हटलं. उद्या काही झालं तर बोट माझ्याकडे नको. आणि पाहा, झालंच."

"घरचं कोणी भेटलं होतं का तुमाले, परीक्षेच्या आधी?"

सर घुटमळले. परीक्षेच्या दोन-चार दिवस आधी गफ्फारभाई चहाला आले होते. सहज विचारलं, तिकडे अमेरिकेत खेळाडूच्या दलालाला काय रिवाज असतो. सरांनी वाचलं होतं ते सांगितलं, की रुपयात आणाभरसुद्धा नाही. "ऐकून त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठले. मला वाटलं साखर जास्त झाली."

बाहेर आल्यावर शालिकराम कुजबुजला, "हाच आहे. पोटात दुखून राहिलं त्याच्या."

"दुखतंय खरं," बेबीताई म्हणाल्या. "पण नव्या खुणा त्याले माहीत नव्हत्या. पोटदुखीनं बोटं वाचता येत नाहीत."

*

दुपारच्या गाडीने ते अंजनगाव सुर्जीला पोचले. सरफराजच्या मोहल्ल्याचा पत्ता विचारला तर लोक रस्ता सांगत आणि लगेच दुसरीकडे पाहत. काल जीपमध्ये बसून ढोल वाजवत गेलेली माणसं आज घराबाहेर यायला तयार नव्हती.

सरफराज भिंतीकडे तोंड करून बसला होता. उंच, खांद्यात रुंद, आणि उजवा हात खिशात. त्याच्या आईने, रजियाबींनी सांगितलं, की कालपासून तो डाव्या हाताने जेवायला बसतो आणि जेवतच नाही. तो हात बाहेर काढायची त्याला लाज वाटते.

"आणि हे बी तसेच," त्या म्हणाल्या. 'हे' म्हणजे गफ्फारभाई. "काल आल्या आल्या रुमाल धुतला. सोताच्या हातानं. तो पाहा, दोरीवरच हाय. आज बाजाराले गेले, पण रुमालाबिगर गेले. लग्नाच्या दिवशी बी तो रुमाल खांद्यावर होता यायच्या."

दोरीवर लाल चौकड्यांचा रुमाल वाळून खडखडीत झाला होता.

शाकीबला बोलतं करायला वेळ लागला. आपल्यावर संशय आहे हे त्याला कळलं होतं, आणि निर्दोष माणूस खोटारड्यासारखा दिसायला एवढं पुरतं. त्याच्या बोटांवर अजून पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे होते. सरफराजला उन्हात खूण नीट दिसावी म्हणून लावलेले.

"नव्या खुणा कोणत्या होत्या, बेटा?"

तो सरफराजकडे पाहत राहिला. सरफराज भिंतीकडेच.

"बाजारच्या," शाकीब शेवटी म्हणाला. "रुमालाखाली बोटं धरतात ना, ती. आमी लहानपणी खालूजानच्या, म्हणजे याच्या अब्बाच्या, बाजूला बसून शिकलो होतो. आमाले वाटलं, अमेरिकेवाल्याले काय समजते? अन् अकोल्याची पोट्टी तर क्लासमधली. त्यायनं बैल फक्त पोळ्याले पाह्यला."

"गफ्फारभाईंना सांगितलं होतं?"

"नाही. लाज वाटली. त्यायच्या धंद्याचा खेळ केल्यासारखं झालं असतं."

मग गफ्फारभाई आले. साठीचे, सडसडीत, पांढऱ्या दाढीचे. रिकाम्या डाव्या खांद्याला ते पुन्हा पुन्हा हात लावत होते. त्यांनी पाहुण्यांना चहा दिला, स्वतःचा पेला हात लांब करून धरला तेव्हाच त्यांना तो दिसला. शालिकरामने नजरेचं विचारलं. ते म्हणाले, जवळचं गेलं, पण बाजाराच्या त्या टोकाला उभा बैल किती दाती, म्हणजे किती वयाचा आहे ते इथून सांगतो.

बाजाराबद्दल ते थोडं बोलले. हल्ली विकणारेच सगळे. घेणारा एखादाच, आणि तोही तोंड फिरवून भाव सांगतो. पहिल्यांदा जो हात पुढे येईल तो धरायची माणसाला सवयच लागून गेली आहे. हे बोलताना ते सरफराजच्या पाठीकडे पाहत होते.

"आता यावेळी नाही जमलं," ते साखर ढवळत म्हणाले, "तर साहेब पुढच्या बाजारी येतीलच की. एकाने परत केलेला बैल दुसऱ्या बाजारी दुसरा घेतो."

"हे साहेब नाही येणार, गफ्फारभाई. उद्या सकाळ शेवटची. मग कधीच नाही."

चमचा थांबला. 

निघताना बेबीताईंनी त्यांना उद्या सकाळी मैदानावर यायला सांगितलं. आणि मागच्या दारी जाऊन रजियाबींकडून तो वाळलेला रुमाल मागून घेतला.

परतीच्या गाडीत शालिकरामने आपलं मत दिलं. गुन्हेगार अकोल्याचे प्रशिक्षक नत्थुजी. फायदा त्यांचा झाला. बेबीताईंनी नत्थुजींना मोबाइल लावला. ते पोरांसह अमरावतीतच लॉजवर उतरले होते. आपल्या पोरांच्या मेहनतीबद्दल ते भरभरून बोलले. बेबीताईंनी एकच विचारलं, तुमची पोरं लिंबाच्या देवाला फार मानतात का? त्यावर नत्थुजींनी पुन्हा पोरांच्या मेहनतीचं सुरू केलं.

"तुमी गफ्फारभाईले किती वर्षांपासून ओळखता?" बेबीताईंनी विचारलं.

फोन कटला.

*

मंगळवारी सकाळी लिंबाखाली सात माणसं जमली. कुलदीप, सहदेव सर, नत्थुजी, शाकीब, सरफराज, गफ्फारभाई आणि रजियाबी. मंडपात कार्लसाहेब घड्याळाकडे पाहत बसले होते. शालिकराम पोहे आहेत का ते पाहून आला. नव्हते.

बेबीताईंनी घसा साफ केला. लग्नाच्या चौकशीत निकाल पाकिटात घालून देता येतो. इथे पाकीट नव्हतं. उभ्या उभ्या, तोंडावर सांगायचं होतं, आणि ज्यांना सांगायचं ते सगळे आधीच जमिनीकडे पाहत होते.

"चेंडू चांगला होता," त्या म्हणाल्या. "हे साहेबच म्हणाले. म्हणजे सरफराजने मुद्दाम खराब फेकला नाही. खूण फुटली. आता, ती खूण बाजारच्या बोटांची होती. ती वाचायची तर बाजार माहीत पाहिजे. सहदेव सरांना माहीत नाही. त्यांनी तर कोणत्या खुणा तेही विचारलं नाही. नत्थुजींना माहीत नाही, त्यांची पोरं तर कॉलनीतली. मग राहिले चौघं. दोघं फेकणारे-धरणारे, एक कुलदीपभाऊ, आणि एक."

एक कोण, ते त्यांनी म्हटलं नाही.

"शाकीबने कानात सांगितलं म्हणता, तर पंच त्याच्या मानेवर श्वास टाकत उभा होता. अन् सांगायचंच होतं तर शेवटच्या डावात काहून थांबला? कुलदीपभाऊ मंडपात होते, कॅचरच्या पाठीमागे. त्यांना बोटं दिसायला पाठीला खिडकी पाहिजे होती."

"मी तर म्हटलंच होतं—" कुलदीपने सुरुवात केली.

"तुमी एक चांगली गोष्ट सांगितली. शेवटच्या डावात पोरगं सुधारलं, कारण बाप मंडपात समोर आला. मले उलटं वाटलं. पोरगं सुधारलं नाही. बाप लिंबाखालून उठला."

रजियाबींनी पदर तोंडाला लावला.

"शालिकभाऊ त्या दिवशी इथंच बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं." शालिकराम ताठ झाला. "त्यांनी पाहिलं की अकोल्याची पोरं दर चेंडूआधी लिंबाकडे पाहतात. त्यांना वाटलं भक्ती. त्यांनी पाहिलं की एक माणूस गार सावलीत बसून रुमाल डोक्यावर घेतो, खांद्यावर घेतो, मांडीवर ठेवतो. त्यांना वाटलं ऊन. हा लिंब पिचरच्या बरोबर मागे आहे. इथून कॅचरची पांढऱ्या पट्ट्यांची बोटं दिसतात. दूरचं पाहणाऱ्या नजरेला तर स्वच्छ. आणि तिकडून बॅटरला लाल रुमाल दिसतो. डोक्यावर म्हणजे जोराचा, खांद्यावर म्हणजे वळणारा, मांडीवर म्हणजे हळू. नाही का, नत्थुजी?"

नत्थुजी शेंदराच्या दगडाकडे पाहून बोलले. "गफ्फारभाईनं माह्या बापापासून आमच्या घरच्या बैलजोड्या जमवून देल्ल्या. कधी फसवलं नाही. ते म्हणाले, माह्या पोराले वाचव. मी पोट्ट्यायले सांगितलं, रुमालाकडे पाहा. बोटाचं मले काही माहीत नव्हतं." मग जरा थांबून, "जिंकल्याचा आनंद झाला होता. तो नाही व्हायले पायजे होता."

"पण बाप?" सहदेव सर म्हणाले. "बाप असं का करेल?"

बेबीताईंनी पिशवीतून लाल चौकड्यांचा रुमाल काढला आणि गफ्फारभाईंच्या पुढ्यात ठेवला. बाकीचं त्यांना म्हणायचं नव्हतं. पण सहदेव सर उत्तराची वाट पाहत होते, म्हणून म्हणाल्या.

"ह्या रुमालाखाली आठ आण्याचा सौदा झाला. मग सहदेव सरांच्या चहावर कळलं, की तिकडे दलालाला आणाही मिळत नाही. हयातभर दुसऱ्याचा बैल मोलाने विकून देणाऱ्या माणसाने आपलं पोरगं अर्ध्यावर दिलं. आता विकणाऱ्याला फिरता येत नाही. एकच वाट असते. घेणाऱ्याला खोड दिसली पाहिजे."

गफ्फारभाई खाली बसले. रुमालाला त्यांनी हात लावला नाही.

"मले वाटलं, कुलदीप सोडून देईन," ते म्हणाले. "मग पुढल्या बाजारी दुसरा गिऱ्हाईक पाहू, सरांले मधी घेऊ, बरोबर बोलू. वाटलं होतं, दोन-चार चेंडू पाहून खूण समजीन. शाकीबचे हात पाह्यले अन् समजलं, हे तर माह्याच बाजारचे बोटं आहेत. मीच शिकवलेले. त्यायच्यावरच मी..." ते थांबले. "पुढला बाजार नसते, हे मले काल समजलं. बैलाचं समजते मले. माणसाचा बाजार कसा भरते, माहीत नव्हतं."

कुलदीप कोटाची बटणं लावत-काढत होता. तो म्हणाला, त्याने कुणाला जबरदस्ती केली नव्हती. बोट दाबलं, समोरून हो आलं. धंदा असाच होतो. त्याचे वडील असाच करत आले. हे सगळं खरं होतं, आणि बोलताना त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत होत्या.

"मग सौदा मोडा की," शालिकराम म्हणाला. सर्वांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला स्वतःलाही आश्चर्य वाटलं.

"मी मोडू शकत नाही," गफ्फारभाई म्हणाले. "कुलदीप मोडू शकते. पण खोड निघाली पायजे."

"खोड कुठंय?" कुलदीप पुटपुटला. "साहेब म्हणतात, हात सोन्याचा."

"खोड हाय," गफ्फारभाई म्हणाले. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच मुलाकडे पाहिलं. "जनावरात नाही. मालकात हाय. हे सगळ्यायनं ऐकलं. आता परत कर, बेटा."

मंडपातून साहेबांच्या दुभाष्याची हाक आली. कुलदीपने कोट काढला. उकाडा होताच, पण तो त्यासाठी काढला नव्हता.

"परत," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की रजियाबींनी पुन्हा विचारलं. "परत केला, म्हटलं."

तेव्हा सरफराजने खिशातून उजवा हात बाहेर काढला. दोन दिवसांत तो पहिल्यांदा उन्हात आला. गफ्फारभाईंनी नकळत रुमाल उचलला आणि पुढे धरला, नवा सौदा झाकायला. सरफराजने तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला आणि आपल्या खांद्यावर टाकला.

"उघड्यावर, कुलदीपभाऊ," तो म्हणाला. "साहेबाले आणणारे तुमीच. जे वाजवी ते घ्या. पण असं, की अम्मीले बी दिसलं पायजे."

कुलदीपने हात वर केला. किती बोटं धरायची ते त्याला एकदम ठरवता येईना. एक बोट वर आलं, म्हणजे रुपयात एक आणा. त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग तेही अर्धं दुमडलं.

सरफराजने मान हलवली. सहदेव सर कार्लसाहेबांना भोक कुठे होतं ते सांगायला मंडपाकडे निघाले. काय सांगावं आणि काय गाळावं, हे त्यांनी वाटेत ठरवलं. दुभाष्याने निम्मं गाळलं असावं.

"अब्बा," सरफराज म्हणाला, "मंडपात चला."

"नाही. तिथं मले सगळे पाहतील."

"मग इथंच बसा. मी तुमच्याकडे पाठ करून उभा राहीन. मागं कोण बसलंय ते मले माहीत पायजे."

खुणा बदलायला वेळ नव्हता. शाकीबने बोटांना नवी पट्टी लावली, बाजारच्याच बोटांसाठी. बेबीताई आणि शालिकराम बाजूला जाऊन उभे राहिले. शालिकराम म्हणाला, मी सगळं पाहिलं होतं, ताई. बेबीताई म्हणाल्या, हो, पोह्यांच्या वरून.

अकोल्याचा पहिला बॅटर आला. बॅट खांद्यावर घेतली आणि सवयीने लिंबाकडे पाहिलं.

शेंदराच्या दगडाशेजारी एक म्हातारा माणूस बसला होता. त्याच्या खांद्यावर रुमाल नव्हता, आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते.

चेंडू कधी गेला ते बॅटरला कळलं नाही.